थंड पाण्यातली गरी

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

आपल्याकडे कोकणात गळाने मासे धरण्याला 'गरवणं' म्हणतात आणि गळाला 'गरी'. तंगुसाचं एक भेंडोळं, शिशाचा तुकडा, गळ आणि आमिषाला कोळंबी, एवढ्या भांडवलावर लोक खडपात बसून तांबोशी काढतात, शेंगटी काढतात. काठी नसली तरी अडत नाही. बोटावरून सोडलेला तंगूसच सगळं सांगतो. पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचं, खोली दोन-चार वाव आणि मासा चपळ, अंगावर धावून येणारा. अशा गरवण्याची सवय असलेल्या माणसाला, उत्तर नॉर्वेत लोक गळाची एकेक काठी मापं देऊन शिवून घेतल्यासारखी बांधून घेतात हे ऐकून हसू येईल. ही श्रीमंतांची उधळपट्टी की गरज? मी नोकरीनिमित्त नॉर्वेत राहतो आणि दर फेब्रुवारी-मार्चमध्ये चार दिवस काढून तिकडे गरवायला जातो, त्यामुळे या प्रश्नाचं थोडंफार उत्तर देऊ शकतो. उत्तर पाण्याच्या थंडपणात आहे आणि खोलीत आहे.

जागा म्हणजे लोफोटेन बेटं. उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर, साधारण ६८ अंश अक्षांशावर. या बेटांच्या आणि मुख्य भूमीच्या मधल्या समुद्राला वेस्टफियोर्ड म्हणतात. जानेवारी ते एप्रिल या काळात बॅरेंट्स समुद्रातून कॉड मासा शेकडो किलोमीटर पोहत इथे अंडी घालायला येतो. या फिरस्त्या कॉडला नॉर्वेजियन लोक 'स्क्राय' म्हणतात. पाणी चार ते सहा अंश. हजारेक वर्षं या माशावर तिथली वस्ती जगली आहे. मासे शेपटीला शेपटी बांधून, मीठ न लावता लाकडी मांडवांवर टांगून वाळवतात. पहिल्यांदा ते मांडव बघितले की वर्सोव्याच्या नाहीतर अर्नाळ्याच्या वलांडीवरचे बोंबील आठवल्याशिवाय राहत नाहीत. फरक एवढाच, की आपले बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगतात आणि दोन-चार दिवसांत वाळतात. यांना काही महिने लागतात.

आता थंडपणाचं. मासा थंड रक्ताचा, म्हणजे पाण्याचं तापमान तेच त्याच्या शरीराचं. ढोबळ हिशेब असा, की दहा अंश तापमान उतरलं की शरीरातले व्यवहार निम्म्यावर येतात. आपल्या किनाऱ्यावरचा मासा आणि पाच अंशांतला कॉड यांच्यात असे दोन टप्पे आहेत. कॉड जन्मापासून त्या पाण्याला सरावलेला असतो हे खरं, पण तोही ताकद जपून वापरतो. समोरून झपकन गेलेल्या गोष्टीमागे तो फार धावत नाही. जे सावकाश, जखमी झाल्यासारखं खाली येतंय, त्याखाली जाऊन तोंड उघडणं त्याला परवडतं. पाण्यात मासा ओढला जाताना कमी आणि आमिष खाली पडताना जास्त लागतो, हे सगळ्याच समुद्रांत बऱ्याच अंशी खरं आहे. थंड पाण्यात तर त्यावरच सगळा खेळ असतो.

दुसरी गोष्ट खोली. इथे साठ मीटर म्हणजे उथळ. ऐंशी, शंभर, सव्वाशे मीटर हे नेहमीचं. शंभर मीटर म्हणजे तीस मजली इमारत समजा. गच्चीवर उभं राहून दोरीला बांधलेला चमचा रस्त्यावर सोडायचा, तिथे तो चमचा हवा तसा नाचवायचा, आणि कुणी त्याला बोट लावलं तर ते वर हाताला कळलं पाहिजे. वरून वारा बोट एकीकडे ढकलतोय, खालून प्रवाह दोरी दुसरीकडे नेतोय, हातात जाड मोजे आहेत.

जुन्या काळी हे कसं करत? हाताने. आल्टा नावाच्या गावाजवळ हजारो वर्षांपूर्वीची खडकातली कोरीव चित्रं आहेत. १९८५ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. त्यांत होडीतून दोरीने भला मोठा हॅलिबट मासा ओढणारा माणूस आहे. पुढे कधीतरी आमिषाच्या जागी धातूचा मासाच आला. लांबट, जड, चकचकीत, खाली तीन तोंडांचा गळ. यालाच तिकडे 'पिल्क' म्हणतात. इंग्रजीत असल्या सगळ्या धातूच्या माशांना जिग म्हणतात, आपणही तेच म्हणू. पिल्कचं तंत्र सोपं: तळाला टेकवा, मीटरभर उचला, सोडा, परत उचला. दगडासारखा पडतो. प्रवाहात सरळ खाली जातो, हा त्याचा मोठा गुण.

पण तंगुसावर, म्हणजे नायलॉनवर, शंभर मीटर खाली हा पिल्क नाचवणं म्हणजे रबरी दोरीने बादली शेंदण्यासारखं. नायलॉन तुटेपर्यंत वीस-तीस टक्के ताणतं. वर काठी मीटरभर उचलली तरी खाली पिल्क जेमतेम हलतो, बाकीची उचल दोरीच खाऊन टाकते. माशाने तोंड लावलं तरी तेच. बातमी वर येईपर्यंत विरून जाते. त्यामुळे पूर्वीचे लोक जड पिल्क आणि जाड, लांब काठ्या वापरत. काठीचं काम ओंडका हलवायचं होतं.

हे बदललं ते विणलेल्या दोरीने. आपल्या पिशव्या ज्या पॉलिथिनच्या, त्याच पॉलिथिनच्या अतिशय लांब रेणूंचे धागे करून ही दोरी विणतात. बुलेटप्रूफ जाकिटांतही हाच धागा असतो. ती ताणते फक्त तीन-चार टक्के, आणि तेवढ्याच ताकदीच्या तंगुसाच्या निम्म्याहून कमी जाडीची असते. जाडी कमी, म्हणून प्रवाहाचा ओढ कमी, म्हणून हलका जिग पुरतो. तीनशे ग्रॅमच्या जागी दोनशे. आणि खालची वाळू, खडक, चिखल यांतला फरकसुद्धा बोटांना कळायला लागतो.

मात्र यातून एक नवी अडचण आली, आणि नव्या काठ्यांचं सगळं मर्म तिथे आहे. नायलॉनचं ताणणं हा नुसता दोष नव्हता. मासा हिसका द्यायचा तेव्हा धक्का तेच सोसायचं. विणलेली दोरी धक्का सोसत नाही. गळ तोंडातून फाटून निघतो, नाहीतर गाठ तुटते. म्हणजे पूर्वी शंभर मीटर दोरी जे काम वाटून घेत होती, ते आता दोन मीटर काठीवर येऊन पडलं. काठी स्प्रिंग झाली. आणि स्प्रिंग म्हटली की ती कुठल्या वजनासाठी, हा प्रश्न आलाच.

याच सुमारास जपानमध्ये जिग नाचवण्याची एक संथ पद्धत रुजली. तिचं श्रेय नोरिहिरो सातो या जपानी गळकऱ्याला देतात. यात काठी जोराने उपसायची नाही. रिळाची मूठ पाव किंवा अर्धा फेरा फिरवायची, त्याने काठीचं टोक वाकतं, मग टोक आपोआप सरळ होतं आणि ते सरळ होताना जिगला खालून टिचकी बसते. जिग आडवा होतो, क्षणभर थांबतो आणि झाडावरून पान पडावं तसा हेलकावे खात उतरतो. हे जिग पानासारखेच रुंद, चपटे, मध्ये वजन असलेले. म्हणजे बघा, पाच अंशांतल्या आळशी माशाला जे हवं, नेमकं ते.

हे ऐकून मी दोन मोसम तीन प्रकारचे जिग बरोबर नेले. एक तीनशे ग्रॅमचा जुना पिल्क, एक दोनशे ग्रॅमचा पानासारखा, एक दीडशे ग्रॅमचा टंगस्टनचा. एकाच काठीवर, एकाच पट्ट्यात बोट वाहत असताना आळीपाळीने. अंडी घालायला आलेल्या माशांचा थवा खाली दाट असतो तेव्हा पिल्कला तोड नाही. तो लवकर पोचतो आणि तिथे मासे इतके असतात की काहीही चालतं. पण थवा सरकला, चार-दोन मासे तळाशी रेंगाळलेले उरले की पिल्क तासभर रिकामा नाचतो आणि पान लावलं की थोड्या वेळात दोरी 'मरते'. मरते म्हणजे काय, तर झटका बसत नाही. जिग उतरत असतो, तळ अजून आठ-दहा मीटर दूर असतो आणि हातातलं वजन अचानक नाहीसं होतं. माशाने जिग खालून वर घेतलेला असतो. ही 'नसण्याची' खूण तंगुसावर कळणं जवळपास अशक्य होतं.

टंगस्टनबद्दल थोडं. शिशाची घनता ११.३, टंगस्टनची १९.३. तेवढ्याच वजनाचा जिग निम्म्याच्या जरा वर आकाराचा होतो आणि भराभर खाली जातो. जोरदार प्रवाहात उपयोगी. पण सावकाश पडणं हाच ज्याचा उद्देश, तिथे तो लवकर पडून काय करणार? शिवाय महाग, आणि खडकात अडकून तुटला की जीव हळहळतो. शिशाचा प्रश्न मात्र खरा आहे. तुटलेलं प्रत्येक शिसं समुद्राच्या तळाशी राहतं. डेन्मार्कने शिशाच्या गळवजनांच्या विक्रीवर २००२ मध्येच बंदी आणली. रंगांचं म्हणाल, तर दुकानात भिंतभर रंग असतात आणि लाल सगळ्यांत देखणा दिसतो. पण पाण्यात लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो. शंभर मीटरवर लाल जिग काळपट राखाडी. तिथे अंधारात चमकणारा पांढरा-हिरवा लेप थोडं काम करतो. बाकीचे रंग मासे नाही, गिऱ्हाईक पकडतात.

वजनाचा अंदाज साधा आहे: खोली जितके मीटर, त्याच्या दीडपट-दुपटीने ग्रॅम. वारा आणि प्रवाह बघून पुढे-मागे. दोरी तिरकी जायला लागली की वजन वाढवा, कारण तिरक्या दोरीवर कुठलाच जिग पानासारखा पडत नाही.

गळ कुठे लावलेला आहे, ही गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पिल्कच्या शेपटीला तीन तोंडांचा गळ असतो. दाट थव्यात तो माशाच्या पोटात, कुशीत, डोळ्यात, कुठेही रुततो. नव्या जिगला डोक्याकडे आखूड दोरीवर एक किंवा दोन सुटे गळ असतात. ते बहुतेक वेळा ओठातच लागतात. लहान मासा सोडायचा असेल तर तो ओरखड्यावर सुटतो. नॉर्वेत समुद्रात गळाने मासेमारीला परवाना लागत नाही, पण किमान लांबीचे नियम आहेत आणि ते विनाकारण नाहीत. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये कॉड इतका संपला की १९९२ मध्ये मासेमारी बंद करावी लागली, तीसेक हजार माणसांचा रोजगार गेला, आणि ती बंदी पूर्णपणे उठायला २०२४ उजाडलं. ते नुकसान गळाने झालं नाही, मोठ्या जहाजांच्या जाळ्यांनी झालं. पण बॅरेंट्स समुद्रातल्या याच स्क्रायसाठी नॉर्वे आणि रशिया मिळून जो वार्षिक कोटा ठरवतात, तो २०२१ मध्ये ८ लाख ८५ हजार टनांच्या घरात होता आणि २०२५ साठी ३ लाख ४० हजार टनांवर आला. अशा वेळी हौशी माणसाने पोटात तीन गळ रुतवून मासा काढावा आणि 'लहान आहे' म्हणून परत टाकावा, हे मला पटत नाही.

आणि खोलीतून काढलेला प्रत्येक मासा सोडून जगतो असंही नाही. दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. शंभर मीटरवर तो वरच्या अकरा पट. कॉडच्या पोटात हवेची बंद पिशवी असते, आपल्या घोळ माशाच्या ज्या पिशवीला सोन्याचा भाव येतो तशीच. मासा वर येताना ती फुगते. तांबडा उएर नावाचा मासा तर वर येतो तो डोळे बाहेर आलेल्या अवस्थेत. तो सोडला तरी पोट वर करून तरंगतो आणि पक्षी त्याला टिपतात. म्हणून लहान मासे लागायला लागले की खोलीवरून उथळावर बोट हलवायची, हाच खरा उपाय. हॅलिबटला अशी पिशवी नसते, तो बिनधास्त सोडता येतो.

आता काठी. मी ज्यांच्याकडून बांधून घेतली ते गृहस्थ आधी लाकडी बोटी बांधायचे. त्यांनी किमतीचं विचारलं नाही, कुठली कंपनी हवी ते विचारलं नाही. म्हणाले, बोटीत घालतोस तो पोशाख घालून ये, मोज्यांसकट. मग हातात झाडूचा दांडा दिला आणि काखेपासून मनगटापर्यंत माप घेतलं. कारण उघड आहे. समुद्रावरचा तो तरंगता पोशाख गादीसारखा जाड असतो. दुकानातली काठी दुकानात शर्टावर हातात बरोबर बसते आणि बोटीत तिची मूठ काखेत मावत नाही. दिवसभरात हजारदा तीच हालचाल करायची असते, त्यात तीन-चार सेंटिमीटर मूठ कमी-जास्त असणं म्हणजे संध्याकाळी खांदा शाबूत असणं किंवा नसणं.

काठीचा गाभा म्हणजे कार्बन किंवा काचेच्या धाग्यांची पोकळ निमुळती नळी, तिला ब्लँक म्हणतात. तो कारखान्यातूनच येतो. कारागिराचं काम पुढचं. कार्बन हलका आणि चटकन सरळ होणारा, काच जड, मऊ, पण ठोकरा सोसणारी. जिगला टिचकी द्यायची तर कार्बन हवा. पण कार्बनची काठी मोठ्या माशावर उभी धरली तर टोकाशी कडकन मोडते. संथ पद्धतीत म्हणूनच काठीने मासा ओढतच नाहीत. काठी खाली माशाकडे रोखायची आणि रिळाने ओढायचा. हिशेबही तेच सांगतो. दोरीवर पाच किलोचा ताण असेल आणि काठी आडवी धरली, तर दोन मीटरच्या काठीवर तो ताण दोन मीटरच्या तरफेने तुमच्या कमरेवर येतो. माशाला तरफेचा फायदा, तुम्हाला पाठदुखीचा.

ब्लँक टेबलावर दाबून फिरवला की तो एका जागी आपोआप उडी मारून स्थिरावतो. त्याला काठीचा कणा म्हणतात, आणि कड्या त्या रेषेवर बसवाव्यात की नाही यावर कारागिरांत पोथीनिष्ठांसारखे वाद आहेत. माझे गृहस्थ कणा बघून सोडून देतात, काठी सरळ कुठल्या बाजूने दिसते तेच पाहतात. त्यांचा खरा वेळ कड्यांच्या जागांवर जातो. कड्या रबराच्या चकत्यांनी तात्पुरत्या अडकवायच्या, टोकाला वजन टांगायचं, आणि दोरी काठीच्या वाकाबरोबर जाते का ते बघत एकेक कडी बोटभर सरकवायची. दोरी कुठे ब्लँकला टेकत असेल तर कडी वाढवायची, उगाच असेल तर काढायची. रीळ काठीच्या वर बसतं, त्यामुळे कड्याही वर, आणि ताण आला की काठी हातात उलटी व्हायला बघते. यावर उपाय म्हणून कड्या हळूहळू वळवत काठीच्या खालच्या बाजूला नेतात, जिन्यासारख्या. दिसायला विचित्र, पण काठी मनगट पिळत नाही. मोज्यांतल्या बधिर हाताला तेवढाच आराम. मग दोऱ्याचे वेढे, त्यावर इपॉक्सीचे दोन हात, आणि लेप ओघळू नये म्हणून काठी रात्रभर सावकाश फिरत्या मोटरवर.

थंडीने एक अडवणूक केली. संथ जिगच्या काठ्यांना टोकाकडे अगदी बारीक कड्या लावायची रीत आहे. टोक हलकं राहतं, टिचकी चटकन बसते. पण हवा शून्याखाली पाच असेल तर विणलेली दोरी पाणी वर आणते, ते कड्यांत गोठतं आणि बारीक कडी मिनिटांत बुजते. म्हणून माझ्या काठीला टोकाशी जरा मोठ्या कड्या आहेत. टोक थोडं मंद झालं, चालेल. तरीही बर्फ धरलाच तर काठीचं टोक समुद्रात बुडवायचं. पाणी पाच अंशांचं, म्हणजे हवेपेक्षा दहा अंशांनी ऊबदार! बर्फ लगेच सुटतो. आणि बोटांना लागेल अशा जागी धातू नाही. रिळाच्या बैठकीलाही फोमचं आवरण आहे.

किंमत तयार काठीच्या तिप्पट पडली. पण नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी काठी सगळ्यांत शेवटी घ्यायला सांगतो. आधी तो जाड पोशाख. थंड पाण्यात पडलेल्या माणसाबद्दल मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्त यांनी एक-दहा-एक असा आडाखा सांगितला आहे. पहिलं एक मिनिट श्वास आवरण्याचं, पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. नॉर्वेत २०१५ पासून आठ मीटरपेक्षा लहान बोटीत, बोट चालू असताना जीवरक्षक जाकीट घालणं सक्तीचं आहे. पोशाखानंतर चांगली विणलेली दोरी, मग दोन-तीन वजनांचे पानासारखे जिग. त्यांवर एक मोसम साध्या काठीवर काढला की आपल्याला नेमकं किती वजन, किती खोलीवर नाचवायचं असतं ते कळतं. कारागिराकडे जाताना तो आकडा बरोबर लागतो. माझा दोनशे ग्रॅम होता. तीनशेचा पिल्क लावला की माझी काठी ओल्या कपड्यासारखी लोंबते, म्हणून दाट थव्याच्या दिवसांसाठी बोटीत जुनी काचेची काठी अजून असते.